संकोच आणि शैथिल्य : आतड्याच्या गतिविचाराचा इतिहास

१

घास गिळणे वा न गिळणे मनुष्याच्या इच्छेवर असते. एकदा तो घशाखाली उतरला की उत्सर्जनाच्या क्षणापर्यंत त्याच्या प्रवासावर इच्छेची सत्ता चालत नाही. शवविच्छेदनात सुमारे ६ मीटर भरणारे लहान आतडे व त्यापुढील सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे यांतून होणारा हा प्रवास इच्छेच्या स्वाधीन नसला, तरी अव्यवस्थित मात्र नसतो. अन्न कोठे थांबवून घुसळले जाते, कोठे हळूहळू पुढे सारले जाते, तर कोठे पुढील भाग सिद्ध होईपर्यंत अडवून धरले जाते. ही व्यवस्था कोण लावतो, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात फार जुना आहे. त्याची उत्तरे मात्र काळानुसार बदलत गेली.

या इतिहासात एक गोष्ट विशेष लक्ष देण्यासारखी आहे. आतड्याच्या पुढे सरकविणाऱ्या हालचालीस युरोपीय भाषांत ‘पेरिस्टॅल्सिस’ अशी संज्ञा आहे. ती ग्रीक असून ‘सभोवार आवळणे’ असा तिचा आशय आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘क्रमसंकोच’ या संज्ञेतही संकोचच सांगितला आहे. वस्तुतः केवळ संकोचाने अन्न पुढे जाणार नाही. पाण्याने भरलेली लांब पिशवी मध्येच आवळली तर पाणी दोन्ही बाजूंस सरते. ते एकाच दिशेने जावयाचे असेल तर मागची बाजू आवळली जात असतानाच पुढची बाजू सैल पडली पाहिजे. म्हणजे या क्रियेची अंगे दोन आहेत : संकोच आणि शैथिल्य. डोळ्यांस संकोच दिसतो व नाव त्यालाच मिळते. शैथिल्य ही क्रिया नसून क्रियेचा अभाव आहे, असे सहज वाटून जाते. या समजुतीची किंमत किती मोठी पडली, हे पुढील वृत्तांतावरून दिसून येईल.

२

प्राचीनांच्या विचारात धारणाचे अंग उपेक्षित नव्हते, हे प्रथम नमूद केले पाहिजे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याने निसर्गशक्तींवरील आपल्या ग्रंथात अवयवांच्या ठायी चार शक्ती मानल्या : ओढून घेणारी, धरून ठेवणारी, पालटविणारी व बाहेर टाकणारी. अन्न पक्व होईपर्यंत धरून ठेवणे ही बाहेर टाकण्याइतकीच स्वतंत्र शक्ती होय, असे त्याचे प्रतिपादन होते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात ग्रहणीचा विचार आला आहे. ‘ग्रह्’ म्हणजे धरणे या धातूवरून हे नाव साधले आहे, आणि तेथे त्याची उपपत्तीही तशीच दिली आहे. अपक्व अन्नास धरून ठेवावयाचे व पक्व झालेल्यास पुढे सोडावयाचे, हे या अवयवाचे कार्य. अग्नी दुर्बल झाला की ग्रहणी बिघडते व अपक्व अन्नही सोडून देते. जुनाट अतिसाराच्या विकारास मराठीत ‘संग्रहणी’ म्हणतात, त्या शब्दात या विचाराची खूण अद्याप शिल्लक आहे. गतीच्या प्रेरणेचे श्रेय या परंपरेत वायूकडे जाते. समान वायू अग्नीचा सहकारी, तर अपान वायू अधोगामी व उत्सर्जक मानला गेला.

या वर्णनांत आधुनिक शोध दडलेले आहेत असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. गेलेनची शक्ती काय किंवा चरकाचा वायू काय, त्यांच्यामागे मज्जापेशींची वा रसायनांची कल्पना नव्हती. तथापि थांबविणे हेही एक कार्य आहे आणि त्यास स्वतंत्र नाव असावे, ही जाणीव त्यांच्या परिभाषेत होती. एकोणिसाव्या शतकातील शारीरविज्ञानास ती पुन्हा नव्याने मिळवावी लागली.

३

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन प्रयोगशाळांत मज्जातंतूंचा अभ्यास जोमाने चालू होता. विजेच्या प्रवाहाने तंतू चेतविला की स्नायू आवळतो, हे तेव्हा सर्वांस ठाऊक होते. परंतु १८४५ मध्ये वेबर बंधूंनी व्हेगस मज्जातंतू चेतवून हृदयाचे ठोके मंद करून व थांबवून दाखविले. पुढे १८५७ मध्ये एडुआर्ड प्फ्ल्यूगर याने उदरातील स्प्लँक्निक तंतू चेतविल्यास आतड्याची हालचाल थांबते, असे प्रतिपादन केले. मज्जातंतू चालना देतो तसाच लगामही घालू शकतो, ही कल्पना त्या वेळी नवीन होती. मात्र लगाम बाहेरून येतो, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांजकडून येतो, हे गृहीतच धरले गेले.

त्याच सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली निराळेच दृश्य दिसू लागले होते. १८५७ मध्ये गेओर्ग माइस्नर याने आतड्याच्या अंतस्त्वचेखालील थरात मज्जापेशींचे जाळे वर्णिले. १८६२ मध्ये ब्रेस्लाऊ येथील वैद्य लिओपोल्ड आउअरबाख याने आतड्याच्या दोन स्नायुथरांच्या मध्ये पसरलेले दुसरे, अधिक ठळक असे जाळे प्रसिद्धीस आणले. आतड्याच्या भिंतीतच एवढ्या मज्जापेशी कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. त्या काळी बहुतेकांचे समाधान असे होते की, मेंदूकडून आलेले आदेश स्नायूंपर्यंत पोचविण्यासाठी ही मधली ठाणी असावीत. पेशी दिसल्या, पण त्यांचे काम दिसले नाही.

४

ते काम दाखविण्याचा मान लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांस जातो. हे दोघे सहकारी असून मेहुणेही होते, कारण बेलिसने स्टार्लिंगच्या बहिणीशी १८९३ मध्ये विवाह केला होता. १८९९ मध्ये त्यांनी लहान आतड्याच्या हालचालींवरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू त्यांनी तोडले. नंतर आतड्यात रबराचा लहान फुगा ठेवून त्याच्या वरील व खालील भागांच्या हालचाली आलेखित केल्या. फुगा फुगविताच त्याच्या वरची बाजू आवळली गेली आणि खालची बाजू सैल पडली. बाहेरील तंतू तुटलेले असूनही हा प्रतिसाद कायम राहिला. कोकेन किंवा निकोटिन लावले असता मात्र तो नाहीसा झाला, जरी स्नायूंची स्वतःची लयबद्ध हालचाल चालूच राहिली.

यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, त्यास त्यांनी ‘आतड्याचा नियम’ असे नाव दिले. आतड्याच्या कोणत्याही बिंदूस चेतना मिळाली की त्या बिंदूच्या वर संकोच व खाली शैथिल्य उत्पन्न होते, आणि हे घडवून आणणारी यंत्रणा आतड्याच्या भिंतीतील मज्जापेशींचीच असते. या नियमाची दोन दले आहेत, आणि दुसऱ्या दलास त्यांनी पहिल्याइतकेच महत्त्व दिले. शैथिल्य म्हणजे स्नायूने काम थांबविणे नव्हे, तर मज्जापेशीने दिलेली आज्ञा होय, हा त्यातील खरा नवा भाग होता.

नियमाचा स्वीकार मात्र अर्धवट झाला. वरच्या बाजूचा संकोच प्रयोगशाळेत कोणासही दाखविता येई. खालच्या बाजूचे शैथिल्य सर्वांस सारखे आढळेना, कारण जी भिंत आधीच सैल आहे ती अधिक सैल झालेली आलेखात कशी उमटणार? अमेरिकेत वॉल्टर कॅनन याने बिस्मथमिश्रित अन्न मांजरास खाऊ घालून क्ष-किरणांच्या साहाय्याने जठर व आतडे यांच्या हालचाली पाहिल्या. जठराविषयीचा त्याचा निबंध १८९८ चा, तर आतड्याविषयीचा १९०२ चा. लहान आतड्यात अन्नाचे तुकडे पाडून ते पुनःपुन्हा मिसळणारी हालचाल पुढे ढकलणाऱ्या हालचालीहून निराळी असते, हे त्याने स्पष्ट केले. मांजर चिडले वा घाबरले की हालचाल एकाएकी थांबे, हेही त्याने टिपले. जिवंत जनावरात भावनेचा लगाम प्रत्यक्ष दिसला, तेव्हा साहजिकच लक्ष पुन्हा बाहेरील मज्जातंतूंकडे वळले.

दुसरे कारण स्वतः बेलिस व स्टार्लिंग यांच्याच कर्तृत्वात आहे. १९०२ च्या जानेवारीत त्यांनी दाखवून दिले की, लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या अंतस्त्वचेतून निघणारे एक द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जाऊन त्यास स्रवावयास लावते. या द्रव्यास त्यांनी ‘सिक्रीटिन’ म्हटले, आणि १९०५ च्या व्याख्यानांत स्टार्लिंगने अशा रासायनिक दूतांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रचारात आणला. ‘चेतविणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून तो घेतला आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीतही चालनाच आहे, रोखणे नाही. पुढे आतड्यातूनच निघणारी अनेक हॉर्मोने रोखण्याचे काम करतात असे आढळून आले, तरी नाव बदलले नाही. या शोधाचा प्रभाव एवढा मोठा होता की, पचनाचा अभ्यास करणाऱ्यांची दृष्टी दीर्घकाळ रक्तातील दूतांवर खिळली आणि भिंतीतील मज्जापेशी मागे पडल्या.

५

तथापि भिंतीतील यंत्रणेचा पुरावा साचतच होता. १९१७ मध्ये पाउल ट्रेंडेलेनबुर्ग याने गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून द्रवात जिवंत ठेवला व आतून दाब देताच तो तुकडा आपले द्रव्य लाटांनी पुढे सारतो असे दाखविले. मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, रक्तप्रवाहही नाही, तरी क्रिया अखंड चालते. १९२१ मध्ये केंब्रिज येथील जॉन लँग्ली याने स्वायत्त मज्जासंस्थेवरील आपल्या पुस्तकात तिचे तीन विभाग केले : अनुकंपी, परानुकंपी आणि आंत्र-मज्जासंस्था. आतड्यातील मज्जापेशींची संख्या इतकी प्रचंड आणि बाहेरून येणारे तंतू त्या मानाने इतके थोडे, की प्रत्येक पेशी मेंदूच्या थेट आज्ञेत आहे असे मानणे कठीण होते. या पेशी दहा कोटींहून अधिक असल्याचे आज मानले जाते.

लँग्लीचे पुस्तक गाजले. त्याचे पहिले दोन विभाग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. तिसरा विभाग मात्र जवळजवळ गळून पडला. एक चालना देणारी व एक लगाम घालणारी अशा दोन संस्थांचे चित्र शिकविण्यास सोपे व लक्षात ठेवण्यास सुटसुटीत होते. त्यात तिसरीस जागा उरली नाही. आतड्यातील मज्जापेशी पुन्हा परानुकंपी संस्थेची मधली ठाणी बनल्या. नावाच्या अभावी वस्तू दिसेनाशी होते, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

६

हा केवळ पंडितांच्या परिभाषेचा वाद असता तर त्याची खंत करण्याचे कारण नव्हते. परंतु याच काळात काही बालकांचे प्राण या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

कोपनहेगन येथील बालवैद्य हाराल्ड हिर्शस्प्रुंग याने १८८६ मध्ये बर्लिन येथील बालवैद्यांच्या सभेत दोन अर्भकांचा वृत्तांत सादर केला. जन्मापासून दोघांसही शौचास होत नसे, पोटे फुगलेली असत, आणि दोघांचाही वर्ष पुरे होण्यापूर्वीच अंत झाला. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले व जाड झालेले आढळले. १८८८ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधाच्या जर्मन शीर्षकात मोठ्या आतड्याच्या प्रसरणामुळे व जाडीमुळे उद्भवणारे नवजातांचे मलावरोध, अशी कार्यकारणाची मांडणी आहे. वाक्यरचनेतच कारण व कार्य यांची अदलाबदल झालेली आहे, हे आज दिसते. त्या वेळी तसे दिसणे शक्य नव्हते. जे फुगलेले होते ते नजरेत भरणारे होते, आणि त्याच्या पुढचा अरुंद भाग निरोगी भासत होता. पुढे या विकारास ‘जन्मजात महाबृहदांत्र’ अशा अर्थाचे नाव मिळाले. त्या नावाने फुगलेल्या भागावरील दृष्टी अधिकच पक्की केली.

यानंतर सुमारे साठ वर्षे उपचार या दृष्टीनुसार चालले. काही शस्त्रवैद्य फुगलेला भाग कापून टाकीत. रोग पुन्हा उलटे, कारण अरुंद भाग जागेवरच राहिलेला असे. १९२७ पासून दुसरा मार्ग पुढे आला. अनुकंपी तंतू आतड्यास लगाम घालतात, तेव्हा ते तंतू कापले की आतडे मोकळे होईल, असा त्यामागील तर्क होता. दोन संस्थांच्या चित्रावरून निघणारा हा सरळ निष्कर्ष होता. काही रुग्णांस त्याने आराम पडल्याचे वृत्तान्त आल्यामुळे हा उपचार कित्येक वर्षे टिकला. आतड्याच्या भिंतीत काय आहे व काय नाही, हा प्रश्न या तर्कात उद्भवतच नव्हता.

असे असूनही खरे कारण पूर्वीच पाहिले गेले होते. १९०१ मध्ये टिटेल याने अशा एका बालकाच्या मोठ्या आतड्यात मज्जापेशींची उणीव नोंदविली होती. १९२० मध्ये इटलीत दाल्ला व्हाल्ले याने अरुंद भागात त्या पेशी मुळीच नसल्याचे नमूद केले. या नोंदी सुट्याच राहिल्या. ज्या पेशींचे कार्यच मान्य झालेले नव्हते, त्यांच्या अभावाला रोगाचे कारण कोण म्हणणार?

१९४८ या एका वर्षात ही कोंडी फुटली. अमेरिकेत व्हाइटहाउस व कर्नोहन यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे झ्युल्झर व विल्सन यांनी, मज्जापेशींचा अभाव आणि अडथळा यांचा संबंध प्रस्थापित केला. त्याच वर्षी बोस्टन येथे ऑर्व्हर स्वेन्सन व अलेक्झांडर बिल यांनी नवी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत अरुंद दिसणारा शेवटचा भाग काढून वरील निरोगी आतडे गुदद्वारापर्यंत ओढून जोडले जाई. स्वेन्सनने रुग्णांच्या आतड्यात फुगे ठेवून दाबाचे आलेख घेतले होते. वरच्या फुगलेल्या भागात लाटा उठत, अरुंद भागापाशी येऊन त्या थांबत. बेलिस व स्टार्लिंग यांनी फुग्यानेच जो नियम शोधला होता, तो कोठे तुटला आहे हे अर्धशतकानंतर पुन्हा फुग्यानेच कळले. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका अर्भकास होणारा हा रोग या शस्त्रक्रियेमुळे साध्य झाला.

पेशींचा अभाव शेवटच्या टोकाशीच का, याचेही उत्तर पुढे मिळाले. गर्भावस्थेत पाठीच्या कण्याच्या रेषेलगत उत्पन्न होणाऱ्या पेशी अन्ननलिकेच्या बाजूने आतड्यात शिरून टोकाकडे प्रवास करतात, हे पक्ष्यांच्या गर्भांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले. १९५४ मध्ये इंटेमा व हॅमंड यांनी आणि १९७३ मध्ये फ्रान्समधील निकोल ल द्वारँ यांनी केलेले प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे आहेत. हा प्रवास अपुरा राहिला तर टोक रिकामे राहते. १९९४ मध्ये या रोगाशी निगडित असलेला ‘आर-ई-टी’ हा जनुक ओळखला गेला.

७

अरुंद भाग अरुंद का राहतो, हा प्रश्न तरीही उरला. मज्जापेशी नसतील तर स्नायू लुळा पडावा, आवळलेला का राहावा? या प्रश्नाचे उत्तर नियमाच्या दुसऱ्या दलात होते.

१९६३ मध्ये मेलबर्न येथे जेफ्री बर्नस्टॉक व त्यांचे सहकारी यांनी गिनीपिगच्या मोठ्या आतड्याच्या स्नायूवर प्रयोग केले. तेव्हा ठाऊक असलेल्या दोन्ही मज्जारसायनांची कार्ये औषधांनी रोखून त्यांनी स्नायूतील तंतू विजेने चेतविले. स्नायू आवळला नाही, सैल पडला. म्हणजे भिंतीत शैथिल्य घडविणारे स्वतंत्र मज्जातंतू होते. त्यांचे रसायन कळलेले नसल्यामुळे त्यांस ‘ॲड्रिनॅलिनजातीचे नव्हेत व असिटिलकोलिनजातीचेही नव्हेत’ असे नकारात्मक नाव पडले. ‘नेति नेति’ या न्यायाने चाललेला हा शोध १९७० मध्ये बर्नस्टॉकने सुचविलेल्या एटीपी या द्रव्यापाशी आला. १९९० मध्ये नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू या तंतूंचा एक प्रमुख दूत असल्याचे दाखविले गेले. हिर्शस्प्रुंगच्या रोगातील अरुंद भागात हे तंतू नसतात. सैल पडण्याची आज्ञा देणारा कोणी नसल्यामुळे तो स्नायू आवळलेलाच राहतो.

या काळात भिंतीतील यंत्रणेचे इतर भागही उलगडत गेले. इटलीतील व्हिट्टोरियो एर्स्पामेर याने १९३० नंतरच्या दशकात आतड्याच्या अंतस्त्वचेतून ‘एंटरामिन’ नावाचे द्रव्य वेगळे केले होते. १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तातून मिळविलेले सिरोटोनिन व हे द्रव्य एकच, हे १९५२ मध्ये सिद्ध झाले. शरीरातील सुमारे नऊ-दशांश सिरोटोनिन आतड्यात असते. आतून दाब पडला की अंतस्त्वचेतील पेशी ते सोडतात, असे १९५० नंतरच्या दशकात ऑक्सफर्ड येथे एडिथ ब्यूलब्रिंग यांनी दाखविले. अन्न आले आहे, ही वर्दी मज्जापेशींस येणेप्रमाणे मिळते. स्नायूंची मूळ लय मात्र मज्जापेशींची नव्हे. कहाल याने वर्णिलेल्या मधल्या पेशी ती लय उत्पन्न करतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत स्पष्ट झाले. मनुष्याच्या जठरात ही लय मिनिटास सुमारे ३, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे १२ व शेवटी सुमारे ८ अशी असते.

धारणाचाही नवा अध्याय लिहिला गेला. १९८४ मध्ये इंग्लंडमधील स्पिलर व सहकारी यांनी मनुष्यावरील प्रयोगांत दाखविले की, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात स्निग्ध पदार्थ पोचले तर वरच्या भागाची हालचाल मंदावते. जणू खालचा भाग वरच्यास कळवितो की, आधीचे अन्न पुरते पचलेले नाही, नवे पाठवू नये. या यंत्रणेस ‘आंत्राचा रोध’ अशा अर्थाचे नाव मिळाले. मज्जातंतू व हॉर्मोने हे दोघेही तीत भाग घेतात, म्हणजे १८९९ चा शोध व १९०२ चा शोध येथे एकत्र आले. मेंदूचा संबंध नाहीसा झाला नाही. कॅननच्या मांजराचा अनुभव आजही खरा आहे. परंतु व्हेगसमधील बहुतांश तंतू आतड्याकडून मेंदूकडे वार्ता नेणारे आहेत. मेंदू येथे बातमी ऐकतो व प्रसंगी हस्तक्षेप करतो; रोजचा कारभार आतडे स्वतः पाहते.

८

या सव्वाशे वर्षांच्या वृत्तांतात पुरावा अपुरा होता म्हणून विलंब झाला, असे म्हणता येत नाही. नियम १८९९ मध्ये मांडला गेला, पेशींची उणीव १९०१ मध्ये पाहिली गेली, तिसऱ्या मज्जासंस्थेस १९२१ मध्ये नाव मिळाले. तिन्ही गोष्टी छापील ग्रंथांत उपलब्ध होत्या. त्यांस एकत्र आणणारी दृष्टी १९४८ पर्यंत आली नाही. शैथिल्यास क्रिया मानण्यास आणि भिंतीस नियंता मानण्यास अभ्यासकांचे मन तयार नव्हते, व रूढ परिभाषा त्या मनास साहाय्य करीत होती.

मराठी वैद्यकीय परिभाषा घडविणाऱ्यांसही यातून घेण्यासारखे काही आहे. ‘क्रमसंकोच’ ही संज्ञा सुटसुटीत आहे व ती टाकून देण्याचे कारण नाही. मात्र विद्यार्थ्यास ती शिकविताना तिच्यात न आलेला अर्धा भागही त्याच वेळी सांगितला पाहिजे. आतडे अन्नास पुढे ढकलते हे खरेच. परंतु ते ढकलणे सफल होते ते पुढील वाट आज्ञेने मोकळी केली जाते म्हणून. ही आज्ञा देणाऱ्या मूठभर मज्जापेशींच्या अभावी एका अर्भकाचा प्राण जाऊ शकतो, आणि त्या पेशींचे महत्त्व उमगल्यामुळे तो वाचूही शकतो.